पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची गळती : ओळख, तपास आणि उपाय

पांढुर्णा आणि सौंसर ही आपली दोन्ही गावे रस्त्यावरची आहेत. पांढुर्णा नागपूर–भोपाळ मार्गावर, तर सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली, तेव्हापासून कचेरीच्या कामासाठीही लोकांचे जाणे-येणे वाढले आहे. संत्र्याच्या बहारात पिकअप गाड्या रात्रंदिवस धावतात. खेड्यापाड्यांतील मुले बस, जीप आणि व्हॅनने शाळेत येतात. पूर्वी घरोघरी बैलजोडी असे, तशी आता पुष्कळ घरांपुढे एखादी चारचाकी उभी दिसते.

या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांखाली सकाळी तेलाचा एक लहान डाग आढळतो. चालक तो बघतो, टाकीत थोडे तेल घालतो आणि गाडी काढतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. "गाडी थोडे तेल खाते," असे सांगितले जाते. पॉवर स्टिअरिंगच्या बाबतीत हे म्हणणे चुकीचे आहे. इंजिनाचे तेल थोडेफार जळू शकते, डिझेल तर जळण्यासाठीच असते. पण पॉवर स्टिअरिंगचे तेल बंद नळ्यांतून फिरणारे तेल आहे. ते जळत नाही, खर्च होत नाही. टाकीतील पातळी खाली गेली याचा अर्थ तेल कोठून तरी बाहेर गेले. म्हणून नुसते तेल घालणे ही दुरुस्ती नव्हे. गळती कोठे आहे हे शोधणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

ही गोष्ट विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आम्ही येथे ती क्रमाने मांडीत आहोत. हा लेख मिस्त्र्याला त्याचे काम शिकविण्यासाठी नाही. मिस्त्र्याकडे जाण्यापूर्वी आपण काय पाहावे, आणि तेथे गेल्यावर काय विचारावे, एवढाच याचा हेतू आहे.

पॉवर स्टिअरिंग चालते कसे?

जड मोटार वळविण्यास हातांना फार जोर लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील पियर्स-ॲरो कंपनीत काम केलेले अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग गाडीत बसवून दाखविले. सामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ते आणण्याचे काम क्रायस्लर कंपनीने १९५१ साली केले. आपल्याकडे ट्रक व बसच्या स्टिअरिंग गिअरचा एक जाणता कारखाना पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक येथे आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ज्या वढूचे नाव आपण इतिहासात वाचतो, तेच हे गाव.

यामागचे तत्त्व आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातील पास्कलच्या नियमाचे आहे. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो लहान टाकीतील तेल ओढून जाड नळीतून स्टिअरिंगच्या खालच्या भागाकडे पाठवितो. तेथे एक झडप असते. चालकाने स्टिअरिंग उजवीकडे फिरविले की झडप तेल दट्ट्याच्या एका बाजूस सोडते, डावीकडे फिरविले की दुसऱ्या बाजूस. दट्ट्या सरकतो आणि चाके वळविण्यास मदत करतो. काम झालेले तेल दुसऱ्या, कमी दाबाच्या नळीतून टाकीत परत येते.

विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ ते २.५ किलोग्राम असतो. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरले असता तेलाचा दाब ७० ते १०० किलोग्राम, किंबहुना त्याहूनही वर जातो. समजा दाब ७० आहे आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर आहे. मग चाके वळविण्यास ५६० किलोग्राम वजनाइतका जोर मिळतो. म्हणूनच एका हाताने गाडी वळते. आणि म्हणूनच, जेथे रबर किंचित कमजोर झाले असेल, तेथून तेल बाहेर पडू लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्वच गाड्यांत हे तेल नसते. १९८८ साली सुझुकीने सर्व्हो नावाच्या लहान मोटारीत विजेच्या मोटरवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणले. आज स्विफ्टसारख्या लहान गाड्यांत तेच असते. त्यात पंप नाही, टाकी नाही, म्हणून गळतीही नाही. अशा गाडीखाली तेल दिसले तर ते दुसऱ्या कशाचे तरी आहे. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, जुन्या सुमो, पिकअप, बस आणि ट्रक यांत मात्र बहुधा तेलाचेच पॉवर स्टिअरिंग आढळते. बॉनेट उघडून पाहावे. स्टिअरिंगचे चित्र किंवा नाव असलेल्या झाकणाची लहान टाकी दिसली, तर हा लेख आपल्या गाडीसाठी आहे असे समजावे.

गळतीची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे टाकीतील पातळी कमी होणे. टाकीवर किंवा झाकणाच्या पट्टीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. काही गाड्यांत थंड व गरम तेलासाठी वेगळ्या खुणा असतात. सकाळी, इंजिन बंद असताना, सपाट जागेवर पाहणे सर्वांत बरे.

दुसरे लक्षण आवाजाचे. स्टिअरिंग फिरविताना "घुंऽऽ" असा कण्हल्यासारखा आवाज येतो. तेल कमी झाले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, त्याचा हा आवाज. अशा वेळी टाकीत फेस दिसतो. बाहेर एक थेंबही पडत नसताना फेस दिसत असेल, तर टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीची पट्टी ढिली असण्याचा संभव असतो. तेथे पंप ओढतो, त्यामुळे तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

तिसरे लक्षण स्टिअरिंग जड होणे, विशेषतः गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना. पण येथे घाई करू नये. टायरमध्ये हवा कमी असली, पट्टा ढिला झाला, किंवा खालचे सांधे कोरडे पडले, तरी स्टिअरिंग जड होते. तेव्हा आधी हवा तपासावी, पट्टा पाहावा, मग तेलाकडे वळावे. नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे व्हायचे.

चौथे लक्षण जळका वास किंवा बॉनेटमधून धूर. गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडते तेव्हा असे होते. हे तेल पेट घेऊ शकते. हे लक्षण दिसले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना खाली उतरवावे आणि ती गाडी त्या दिवशी पुढे नेऊ नये.

डाग कशाचा आहे?

गाडीखाली पडणारे सर्वच द्रव सारखे नसतात. रात्री गाडीखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा अंथरावा, त्यावर गाडीची पुढची बाजू कोणती ते लिहून ठेवावे आणि सकाळी पाहावे.

स्वच्छ पाणी असेल आणि आदल्या दिवशी एसी चालविला असेल, तर काळजीचे कारण नाही. हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखे पातळ आणि गोडसर वासाचे असेल, तर ते रेडिएटरचे कूलंट. जाड, काळपट तपकिरी असेल, तर बहुधा इंजिनाचे तेल. फिकट पिवळे, फार निसरडे आणि चाकाच्या आतल्या बाजूस आढळले, तर ते ब्रेकचे तेल असू शकते. मग ती गाडी जागची हलवू नये.

पॉवर स्टिअरिंगचे तेल पातळ असते. अनेक गाड्यांत ते नवे असताना लाल असते, जुने झाले की तपकिरी होते. काही गाड्यांत ते फिकट पिवळे किंवा हिरवेही असते. डाग बहुधा गाडीच्या पुढच्या भागात पडतो. रंगावर पूर्ण भरवसा ठेवण्याऐवजी टाकीतील तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन पुठ्ठ्यावरील डागाशी ताडून पाहावा.

थेंब लहान म्हणून दुर्लक्ष करू नये. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १,४४० थेंब. साधारण ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४८ मिलिलिटर तेल गेले. मोटारीच्या या सर्व यंत्रणेत तेल असते सुमारे एक लिटर. म्हणजे तीन आठवड्यांत सर्व रिकामे, आणि पंप हवा ओढू लागतो तो त्याच्या किती तरी आधी. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते रितेही होते. एका मिलिलिटरला किती थेंब होतात हे विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत ड्रॉपर आणि मोजपात्र घेऊन स्वतः मोजावे. पाण्याचे आणि तेलाचे उत्तर वेगळे का येते, याचाही विचार करावा.

गळतीची जागा शोधण्याची रीत

तेल जेथे दिसते तेथेच गळत असते असे नाही. ते नळीवरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागांतील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची, हा नियम.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. पंप, टाकी, नळ्या आणि त्यांचे सांधे नीट पुसून स्वच्छ करावेत. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ तेलावर बसून जाड थर होतो. तो काढल्याशिवाय काही दिसत नाही. गरम इंजिनावर रॉकेल किंवा पेट्रोल कधीही टाकू नये.

२. भाग कोरडे झाल्यावर संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी पावडर शिंपडावी. तेल आले की पांढऱ्या पावडरीवर रेघ उमटते.

३. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये उभी करावी. एकाने इंजिन सुरू करून स्टिअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवावे. दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात दुरून पाहावे. शेवटच्या टोकाला स्टिअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तेथे दाब सर्वाधिक असतो आणि पंप तापतो.

४. लगेच काही दिसले नाही, तर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. काही गळती तेल गरम होऊन पातळ झाल्यावरच सुरू होते.

५. तरीही पत्ता लागला नाही, तर मोठ्या गॅरेजमध्ये तेलात चमकणारा रंग मिसळून जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याने जागा शोधतात.

तीन गोष्टी पाळल्याच पाहिजेत. पहिली, इंजिन सुरू असताना फिरणारा पट्टा आणि पंखा यांच्याजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही नेऊ नये. दुसरी, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. तिसरी, दाबाच्या नळीवरून बोट फिरवून गळती शोधू नये. बारीक छिद्रातून एवढ्या दाबाने येणारी तेलाची धार कातडीत शिरू शकते. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते, पण आतून इजा गंभीर असते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. विद्यार्थ्यांनी हे सर्व मोठ्यांबरोबर पाहावे, एकट्याने करू नये.

गळती बहुधा कोठे असते आणि उपाय कोणता?

परतीची नळी आणि तिची पट्टी : हा सर्वांत सोपा प्रकार. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, टोकाशी चिरते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४४ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा बॉनेटखालच्या रबराची काय अवस्था होत असेल! तेलासाठीच बनविलेली नळी आणि नवी पट्टी बसविली की काम होते. पाण्याची साधी रबरी नळी येथे चालत नाही. तेलाने ती फुगते आणि निकामी होते.

दाबाची नळी : हिच्या टोकाला धातूचा भाग यंत्राने घट्ट दाबून बसविलेला असतो. गळती बहुधा त्याच जोडावर होते. येथे चिकटपट्टी, तार, किंवा नळी कापून मध्ये क्लिप घालणे, यांपैकी काहीही टिकत नाही. नळी नवीच घालावी, किंवा हायड्रॉलिक नळ्यांचे काम करणाऱ्याकडून यंत्रावर तयार करून घ्यावी. सांध्यात तांब्याची वायसर किंवा रबरी रिंग असेल, तर तीही नवी घालावी.

टाकी : प्लॅस्टिकच्या टाकीला तडा जातो, किंवा झाकणाची रिंग जाते. कधी कधी तेल जास्त भरल्यामुळेच ते तापून झाकणातून बाहेर येते. मग ती गळती नसतेच. खुणेपेक्षा जास्त तेल घालू नये.

पंपाचे ऑइल सील : पुलीच्या मागे ओल दिसते आणि पट्ट्यावर तेल उडते. सील बदलता येते. परंतु पंपाचा दांडा आत हलत असेल, तर नवे सील महिनाभरही टिकत नाही. अशा वेळी पंप उघडून पूर्ण दुरुस्त करावा किंवा बदलावा. तेलाने भिजलेला पट्टाही बदलावा.

रॅकची सील : दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर घड्या असलेले रबरी बूट असतात. बूट हळूच दाबून पाहावा. आत तेल खळखळले, तर रॅकचे सील गेले आहे. अनेकदा आधी बूट फाटलेला असतो. त्यातून धूळ आणि पावसाचे पाणी आत शिरते, दांड्याला गंज चढतो, आणि तो खरबरीत दांडा सील कापतो. वावरातल्या पांदण रस्त्याने रोज जाणाऱ्या गाड्यांत हे जास्त होते. फाटलेला बूट वेळीच बदलला, तर पुढचा मोठा खर्च वाचतो. रॅक खोलून बसविल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

स्टिअरिंग बॉक्स : बस, ट्रक आणि काही जुन्या जीपवर्गीय गाड्यांत रॅकऐवजी लोखंडी बॉक्स असतो. त्याच्या खालून निघणाऱ्या दांड्याच्या सीलमधून तेल गळते. हे काम जाणत्या मिस्त्र्याकडेच द्यावे.

तेल बदलताना व भरताना

कोणते तेल घालायचे ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तेच घालावे. अनेक गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरचे लाल तेल चालते, पण सर्वच गाड्यांत चालते असे नाही. ब्रेकचे तेल येथे चुकूनही घालू नये. त्याने सर्व रबरी सील खराब होतात आणि मग एका गळतीच्या दहा गळत्या होतात.

बाजारात "गळती बंद" करणारी औषधी बाटली मिळते. ती रबर थोडे फुगविते, त्यामुळे जुन्या, कडक झालेल्या सीलची गळती काही दिवस कमी होऊ शकते. फुटलेली नळी, तडा गेलेली टाकी किंवा झिजलेला दांडा यांना तिचा उपयोग नाही. मुले नेणाऱ्या गाडीत तिच्या भरवशावर राहू नये.

दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा काढावी लागते. पुढची चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवितात आणि मध्ये मध्ये तेल भरतात. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा करतात. टाकीत बुडबुडे येणे थांबले म्हणजे हवा निघाली. दुरुस्तीनंतर आवाज येत असेल, तर "हवा पूर्ण काढली का?" हा प्रश्न मिस्त्र्याला अवश्य विचारावा. "जुनी नळी दाखवा" असेही म्हणावे. चांगला मिस्त्री ती आनंदाने दाखवितो.

काढलेले तेल नालीत, विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नये. पावसात ते जाम आणि कन्हान या आपल्याच नद्यांकडे जाते. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते बंद डब्यात साठवून गॅरेजमार्फत तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. सांडलेल्या तेलावर राख किंवा लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा.

वाटेत तेल संपले तर?

तेल संपले तरी स्टिअरिंग आणि चाके यांचा लोखंडी जोड कायम असतो. गाडी वळते, पण फार जोर लागतो. अचानक असे झाले की चालक गोंधळतो, आणि खरा धोका तेथेच आहे. सिल्लेवानी घाटाच्या वळणांवर अर्ध्या सेकंदाचा उशीरही महाग पडू शकतो. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरावे, वेग कमी करावा, सुरक्षित जागा पाहून थांबावे. गाडी चालू असताना किल्ली बंद करू नये. तेल नसताना पंप तसाच फिरत राहिला तर तो जाम होतो. अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असतो. पट्टा तुटला की इंजिनही तापते.

याच ठिकाणी एक घातक सवय सांगितली पाहिजे. डिझेल वाचविण्यासाठी काही चालक उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा पंप बंद, आणि ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. म्हणजे गळती नसलेल्या धडधाकट गाडीचीही अवस्था तेल संपलेल्या गाडीसारखी होते, तीही घाटाच्या उतारावर. घाटात इंजिन सुरू आणि गाडी गिअरमध्येच असली पाहिजे. पालकांनी आपल्या मुलांना विचारावे, "तुमचे काका उतारावर गाडी बंद करतात का?" मुले खरे सांगतात.

शाळेच्या वाहनांसाठी आमची सूचना

व्यावसायिक वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी त्याचे फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते आवश्यकच आहे. पण रबराची नळी तारीख बघून फुटत नाही. मधल्या दिवसांत गाडीकडे कोण पाहते, हा प्रश्न उरतोच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्याला जखम आहे का, हे त्या निमित्ताने आपल्या हाताला कळते. गाडीच्या बाबतीत असा हात फिरविणे दर आठवड्याला झाले पाहिजे.

म्हणून मुलांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक वाहनात एक साधी वही असावी, असे आम्ही विश्वस्त मंडळापुढे सुचवीत आहोत. तीत चारच रकाने : तारीख, टाकीतील पातळी, किती तेल घातले, आणि डाग कोठे दिसला. दर सोमवारी सकाळी ती भरावी. महिन्यात दुसऱ्यांदा तेल घालावे लागले, तर ती गाडी मिस्त्र्याने पाहिल्याशिवाय मार्गावर जाऊ नये. जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी सर्व गाड्यांच्या रबरी नळ्या, पट्टे आणि बूट एकदा तपासून घ्यावेत.

दुसरी सूचना पैशाची आहे आणि ती आम्हांस जास्त महत्त्वाची वाटते. गळती ठाऊक असूनही चालक ती का लपवितो? गाडी गॅरेजमध्ये गेली की त्या दिवसाचे भाडे बुडते, आणि कधी बोलणीही खावी लागतात. पाव लिटर तेल घालून दिवस ढकलणे त्याला परवडते. याचा दोष एकट्या चालकाला देता येत नाही. जो चालक स्वतःहून गळतीची नोंद करील, त्याचे दुरुस्तीच्या दिवसाचे भाडे कापू नये, आणि त्या दिवशी मुलांसाठी दुसऱ्या गाडीची सोय शाळेने व पालकांनी मिळून करावी. वर्षातून दोन-चार दिवसांचा हा खर्च आहे. वही खरी भरली जावी असे वाटत असेल, तर तेवढा खर्च आपण सोसला पाहिजे.

पालकांनी आजपासूनच करण्यासारखे काम अगदी लहान आहे. आज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा अंथरा, आणि सकाळी मुलांना सोबत घेऊन तो पाहा.